स्वयंपाकघराची फरशी आणि आईचे पाय

आमचं झरी गाव सोडलं त्या सकाळी आईनं माझ्या आधी उठून सगळं घर सारवून ठेवलं होतं. माणूस घराबाहेर पडल्यावर त्याच्या पाठीमागं झाडायचं नाही, सारवायचं तर मुळीच नाही, हा आमच्या पाड्यावरचा नेम. म्हणून तिनं काम आधीच उरकलं. एरवी ओल्या भुईवर पाऊल पडलं की पाठीत धपाटा बसायचा. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "जा बाय, मधूनच जा." मी पिशव्या उचलल्या आणि चुलीपासून दारापर्यंत पावलं उमटवत बाहेर पडले. २०१४ साल. नुकतंच लग्न झालेलं, डहाणूच्या शाळेत नोकरी लागलेली. मंगल, तू दारात उभी राहून रडत होतीस. पुढच्या वर्षी तूही लग्न होऊन वापीला गेलीस. बाबा तर आपण लहान असतानाच गेले होते. आई त्या घरात एकटी उरली.

परवा तू वापीहून टाइल्सचे चौदा फोटो पाठवलेस आणि विचारलंस, "ताई, नव्या किचनला कुठली घेऊ?" एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण माझ्या स्वयंपाकघराची फरशी दोनदा का घातली, ते मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. लाज वाटत होती.

खरं सांगते, झरी सोडताना मला रडू आलं नव्हतं. आता शेणात हात घालावा लागणार नाही, याचा आनंद झाला होता. डी.एड.ला असताना होस्टेलवरची एक मुलगी मेंदी काढायला माझा हात हातात घेऊन बसली. नखांच्या काळपटलेल्या कडांकडे बघून म्हणाली, "हे जात नाही का गं?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी तेव्हाच ठरवून टाकलं, माझ्या घरची फरशी आरशासारखी असेल. तिच्याकडे बघून कोणाला कळणार नाही की मी कुठून आले.

तीन वर्षं आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये काढली. मग २०१७ मध्ये डहाणूला स्वतःचं घर बांधलं. हे सिग्नल खात्यात, ड्युटीचा नेम नाही, त्यामुळे टाइल्स निवडायला मी एकटीच गेले. पांढऱ्याशुभ्र, चकचकीत व्हिट्रिफाइड. हॉलला त्याच आणि किचनलाही त्याच. गवंडी म्हणाला होता, "मॅडम, किचनला जरा खरबरीत घ्या, पाणी सांडतं." मी म्हटलं, "माझ्या घरात पाणी सांडत नाही." केवढा तो तोरा!

घरभरणीला आई आली. हॉलमध्ये भिंतीला हात लावून लावून चालली. मला वाटलं, कौतुकानं भिंती बघतेय. दुसऱ्या दिवशी ओट्याशी न जाता ती सवयीनं खाली विळी घेऊन बसली, तर नारळ खवताना विळीच पुढं सरकायला लागली. तिच्या टाचा तुला माहीत आहेत. चिखलात, डोंगरावर, उन्हात आयुष्यभर अनवाणी चालून वहाणेच्या तळासारख्या झालेल्या. त्या फरशीवर त्या कुठं थांबणार? मी तिला नवी रबरी चप्पल आणून दिली.

"अन्नापाशी चप्पल?" ती म्हणाली. "नाय बाय."

"मग नीट बघून चाल," मी म्हटलं. वर्गात मुलांना म्हणते तसंच. पाहुण्यांसमोर.

तिसऱ्या दिवशी सकाळीच ती म्हणाली, "मना झरीला पोचव." कोंबड्यांचं निमित्त सांगितलं. मी रागानं तिला जीपमध्ये बसवून दिलं आणि तुला फोन करून सांगितलं, "तिला माझं सुखच बघवत नाही." आठवतं? हे वाक्य माझंच आहे. ते मला पुसून टाकता येत नाही.

पुढं वर्षभर मी बोलवायची आणि ती काहीतरी सबब सांगायची. २०१८ च्या हिवाळ्यात आपल्याकडे भूकंपाचे धक्के बसायला लागले. डहाणूला माझी भांडी खणखणायची. झरीला आईच्या चुलीमागच्या भिंतीला भेग गेली. मी धावत गेले, तर अंगणात ताडपत्री बांधून शेजारच्या बायकांबरोबर ती बसलेली. मी तिची पातळं पिशवीत भरायला लागले. तिनं पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

"नाय येत."

"आई, भिंत पडेल अंगावर!"

"पडू दे." मग भुईवर बोटानं रेघा मारत ती म्हणाली, "हितं भुई हलते, पन पाय धरते. तुझ्या घरात काय बी हलत नाय. मीच घसरते."

मला कळेना. तेव्हा तिनं सांगितलं. त्या तिसऱ्या दिवशी मी अंघोळीला गेले असताना ती पाणी प्यायला किचनमध्ये गेली. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. मधोमध पाय सटकला, पडता पडता ओट्याला धरून वाचली. पुन्हा उभं राहायची छाती होईना. म्हणून ती खाली बसली आणि बसल्या बसल्या सरकत उंबऱ्यापर्यंत आली. "जावयानं बघितलं असतं तर?" एवढंच तिला वाटलं होतं. हंड्यावर कळशी घेऊन विहिरीवरून चढ चढणारी आपली आई, माझ्या घरात जमिनीवरून सरकत गेली. आणि का, तर माझी नखं कोणाला दिसू नयेत म्हणून.

तिथंच अंगणात, त्या बायकांसमोर मी रडले. २०१४ चं सगळं राहिलेलं रडले म्हण ना.

घरी येऊन यांना सांगितलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. हे म्हणाले, "फोडून टाकू. फरशीच आहे, माणूस नाही." आठवड्याभरात किचन उखडलं. धूळ साखरेच्या डब्यापर्यंत गेली.

या वेळी फरशी घ्यायला आईला बरोबर नेलं. त्यासाठी ती एका पायावर तयार झाली. दुकानात शिरताच तिनं तांब्याभर पाणी मागितलं. शेठनं प्यायला दिलं, ते तिनं मांडलेल्या टाइल्सवर ओतलं आणि अनवाणी वर उभी राहिली. "अरे माजी, आ शुं करो छो!" हे काय करताय म्हणून शेठ गुजरातीत ओरडले. ती आपली एकेक टाइल पायानं घासून बघतेय. मॅट नको, चंदेरी नको, लाकडाच्या चित्राची तर बघितलीही नाही. खाली बसायची, विळीवर पाय ठेवल्यासारखा दाब द्यायची, उठायची, मान हलवायची. शेठनं कपाळाला हात लावला. शेवटी आम्ही निघालो. बाहेर मी दिलेल्या चपला घालायला ती पायरीवर थांबली, आणि तशीच थांबून राहिली. टाच घासली, पंजा दाबला.

"ही कुठली?"

"ए तो पगथियुं छे, माजी!" शेठ हसले. "पायरी. साधा कोटा दगड, पॉलिशसुद्धा नाही."

"हीच दे."

गवंड्यानं ती बसवली, मोरीकडे ढाळ दिला. आईनं कळशीभर पाणी ओतून ते कुठून कुठं जातं ते नीट बघितलं. मग दुसरी कळशी भरून घेतली आणि त्या ओल्या फरशीवरून ओट्याकडे निघाली. मी हात पुढं करून मधेच उभी. "सर बाजूला," ती म्हणाली, "वाटंत का उभी?" करड्या दगडावर तिची पावलं उमटली आणि वाळली.

आता ती इथंच असते. झरीचं घर बंद आहे. मी अधूनमधून जाते, दार उघडते. सारवण नसलं की भुई किती लवकर उकलते, बघवत नाही. मागच्या महिन्यात शेण आणून एक खोली सारवून आले. नखं दोन दिवस तशीच घेऊन शाळेत गेले.

तेव्हा मंगल, ते चौदा फोटो राहू दे. आई तुझ्याकडे राहायला येईल तेव्हा तिला आधी दुकानात ने, आणि पाणी घेऊन जा.

माझ्या हॉलला अजून त्याच पांढऱ्या टाइल्स आहेत. तिथून चालताना ती माझं मनगट घट्ट धरते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली की सोडते आणि पुढं एकटी जाते. ती हात सोडते ना, तिथून पुढचं तेवढं मला आपलं घर वाटतं.