कलेजीवरचा अंगठा

शिरपुरात जनावरांची डॉक्टर म्हणून आले तेव्हा मला सगळं येत होतं, निदान माझी तशी समजूत होती. सातपुड्याच्या पायथ्याची एक अक्का तिच्या बकऱ्या घेऊन आली. बकऱ्या वाळलेल्या, जबड्याखाली पाणी उतरलेलं. मी जंताचं औषध दिलं आणि वर ऐटीत सांगितलं, "यांना हिरवं खाऊ घाला." तिचं घर या बकऱ्यांवरच चालायचं.

महिन्याभरात दोन मेल्या. "तुनी दवाईमा काय दम नई शे, बाई," ती म्हणाली. मला रागच आला.

तिसरी तिनं बाजारातल्या मटणवाल्या चाचांना विकली. चाचांची एक रीत होती: गिऱ्हाईक कितीही ताटकळो, आधी कलेजी फळीवर घ्यायची, तिच्यावरून अंगठा फिरवायचा, आणि खराब निघाली तर विकायची नाही. त्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. कलेजी कापून दाबली, तर आतून कडुनिंबाच्या पानांसारखे चपटे जंत बाहेर सरकले.

"मॅडम, ही पाण्याकाठचं गवत खात होती. तिथं गोगलगायी असणार."

कॉलेजात याच जंताची आकृती काढून मी मार्क मिळवले होते. लेंडीतून पाण्यात, पाण्यातून गोगलगायीत, तिथून गवताच्या पात्यावर आणि मग बकरीच्या यकृतात! डोळे नसलेल्या जिवाचा हा प्रवास पाहून हात जोडावेसे वाटतात. चौथी शिकलेल्या चाचांनी तो अंगठ्यानं ओळखला, आणि मी मात्र भलत्याच जंतांचं औषध देत बसले होते.

मी अक्काच्या गावी गेले. तिनं कौतुकानं पाझर तलावाचा काठ दाखवला. उन्हाळ्यात गावात तेवढंच हिरवं. ती रोज तासभर चालून बकऱ्या तिथं नेत होती.

"तूच सांगेल व्हतं ना, बाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी आहे, असं मी तिला तिथंच सांगितलं. औषध बदललं, काठ बंद केला, अंजनाच्या झाडाचा पाला सुरू केला.

दिवाळीच्या सुमारास तिचा बोकड चाचांकडे आला. आम्ही दोघी फळीसमोर उभ्या होतो. अंगठा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला. चाचांनी कलेजी कापली. स्वच्छ होती.

अक्कानं कलेजीकडे एकदाच पाहिलं आणि माझ्याकडे वळली. "आते बाकीन्यासले काय चारू, बाई?"

या वेळी मी आधी विचारलं, "पाणी कुठं पितात?"