खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

खंडेनवमीचा दिवस होता... ऐंशीचं दशक सरत आलेलं. मंगळवार पेठेत माझं दहा बाय बाराचं कॉम्प्युटर सेंटर. ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता इथवर आलेला माणूस मी.

एका साखर कारखान्याच्या ऊसतोडणीच्या यादीचं काम मिळालं होतं. कुणी लावण कधी केली, त्यावरून कुणाचा ऊस आधी तुटणार ते ठरायचं. नाव गळालं तर त्या माणसाचा ऊस शेतातच वाळणार. तीन आठवडे आमचे ऑपरेटर शौकतभाई नावं भरत होते, आणि यादी न्यायला त्या दिवशी चारला कारखान्याचे साहेब येणार होते.

मशीन चालवणाऱ्या प्रणाली दोन... जुन्यावर डॉस, या कामासाठी आणलेल्या नव्यावर युनिक्स. यादीचं सॉफ्टवेअर मात्र दोन्हीकडं एकच... तोच मेनू, तीच बटणं. म्हणून मी धरून चाललो की आतूनही सगळं तेच.

शौकतभाई चहाला गेलेले. बायको पूजेचं ताट घेऊन आली. "चालू मशीनला कुंकू लावत्यात व्हय? बंद करा की!"

जुनं बंद केलं, तसंच नव्याचंही मागचं बटण खट्‌कन दाबलं. दोन्हीला गंध-फूल वाहिलं, नारळ फोडला...

शौकतभाई आले. "मालक, शटडाऊन करून बंद केलासा न्हवं?"

"म्हंजे?"

ते मटकन खुर्चीत बसले.

डॉसवरचं सॉफ्टवेअर प्रत्येक नाव तिथल्या तिथं डिस्कवर लिहायचं, वर आधीची एक प्रत बाजूला ठेवायचं. युनिक्सवरच्यात ती सोयच नव्हती. भरलेलं थोडा वेळ मेमरीत राहायचं आणि मशीनला आधी सांगून, रीतसर बंद करावं लागायचं. मधेच वीज तोडली तर अख्खी फाईल जायची भीती. हे सगळं मॅन्युअलमध्ये होतं... मी ते उघडलंच नव्हतं. फ्लॉपीवर कॉपी दसरा झाल्यावर काढू, असंही मीच म्हणालो होतो. कालपर्यंत भरून झालेले अर्ज तर कारखान्यानं परत नेलेले.

मशीन सुरू केलं. स्क्रीनवर इंग्रजी ओळी धावायला लागल्या. मशीन आपणच डिस्क तपासत होतं.

मग ओळी थांबल्या आणि प्रश्न आला. एका फाईलचा ठावठिकाणा लागत नाही, पुन्हा जोडू का? हो की नाही?

डॉसवर असाच एकदा घाईत 'हो' म्हणून मी अख्खी फ्लॉपी पुसली होती. बोट पुढं जाईना... डोळे मिटून मी नुसता कान दिला. डिस्क फिरत होती, संथ, एका लयीत. घासल्याचा आवाज नव्हता. इंजिनाच्या आवाजावरून रोग ओळखणारे कान माझे. म्हटलं, आत मोडलेलं काही दिसत नाही.

शौकतभाई हळूच म्हणाले, "इचारतंय म्हंजे जित्तं हाय, मालक. हो म्हणा."

दाबलं.

यादी जिथं असायची तिथं नव्हती; डिस्कवरच्याच, हरवलेल्या फायली ठेवायच्या एका कप्प्यात मिळाली... नाव गेलेलं, नुसता एक आकडा. उघडली, तर नावांमागून नावं! सकाळची चाळीसेक तेवढी गेलेली, पण ते अर्ज टेबलावरच होते.

चारला साहेब आले तेव्हा शौकतभाई अजून टाईप करत होते. "काय हो, अजून तयार न्हाई?" साहेबांचा आवाज चढला.

शौकतभाई मान वर न करताच बोलले, "मशीनचा सण की सायेब आज. सकाळपास्नं पाटावर बसून पूजा घेत हुतं, आता कुठं कामावर आलंय."

साहेब खो खो हसले आणि चहा सांगा म्हणाले. मी चहा सांगायला उठलो. शौकतभाईंनी पुढं कधी, कुणापुढं, ती चूक माझी होती हे सांगितलं नाही. आज मीच सांगतोय, कारण त्यांचे आभार मानायचे राहून गेले.