काटा खाली

ताई म्हणाली, "गुरुवारपासून मी येणार नाही."

मेस्त्रीने ताईच्या दारात गाडी बंद केली. दुपार झाली तरी बाहेर धुकं होतं. ताईच्या मांडीवर दोन शाली होत्या आणि तिचे ओठ निळसर पडले होते. आठवड्यातून तीनदा तो तिला चाळीस किलोमीटरवरच्या इस्पितळात रक्त धुऊन घ्यायला न्यायचा. मशिनीतून फिरून आलेलं रक्त अंगात थंड शिरतं, आणि मग हीटर न तापणाऱ्या त्याच्या जुन्या पिकअपमध्ये तासभर बसून परत यायचं.

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?" त्याने विचारलं. "दोन खेपा चुकल्या की..."

"ऐकलं. कान शाबूत आहेत, बाकीचं गेलंय." ती दार उघडून उतरली. "गोठून मरण्यापेक्षा घरी बरी."

ती बोलते ते करते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याला भीती वाटायला हवी होती. पण त्याने फक्त दिवस मोजले. मधे एकच दिवस होता.

बुधवारी त्याने गॅरेजचं दार अर्धं ओढून घेतलं आणि बॉनेट उघडलं. हीटरचा पंखा ठणठणीत होता. हवा जोरात यायची, पण ऊब नसलेली, कोणी लांबून फुंकर घालावी तशी. मग हीटरची जाळी तुंबली असणार. डॅशबोर्डखाली ती जाळी असते, इंजिनचं गरम पाणी तिच्यातून फिरतं आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. त्याने जाळीचे दोन्ही होज, त्या रबरी नळ्या, काढल्या, जाळीत नळाचं पाणी सोडलं. पाणी स्वच्छ निघालं. होज परत जोडले, कूलंट भरलं, अडकलेली हवा काढली, इंजिन अर्धा तास चालू ठेवलं. फुंकर ती फुंकरच.

शेजारचा टायरवाला डोकावला. "मेस्त्री, लोकांच्या गाड्या पळवता नि स्वतःची हटून बसलीय?"

"हटलेली नाही. गारठलीय."

"काटा कुठे आहे?"

"खाली. एकदम खाली."

हे मेस्त्रीने जरा अभिमानानेच सांगितलं. तापमानाचा काटा खाली म्हणजे गाडी खुशीत, हे तो तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता. टायरवाला मान हलवून गेला. मेस्त्रीने दोन्ही होजना हात लावला. दोन्ही सारखेच कोमट. म्हणजे जाळीतून पाणी नीट फिरत होतं, पण मुळात पाणीच तापत नव्हतं. त्याने रेडिएटरकडे जाणारा जाड होज चाचपला. इंजिन थंड असताना तो गार राहायला हवा. इथे तोही पहिल्यापासून कोमट होत होता.

त्याने दोन बोल्ट सोडवून त्या होजच्या इंजिनकडच्या टोकाचं झाकण उचललं. आतली जागा रिकामी होती.

इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप तिथे असते, थर्मोस्टॅट. उन्हाळ्यात घाटात गाड्या उकळायच्या, म्हणून मेस्त्री ती काढून टाकायचा आणि थंडीआधी परत बसवायचा. शहाणे मेकॅनिक नावं ठेवायचे, पण गाड्या उकळायच्या थांबायच्या. काढलेल्या झडपा भिंतीवर खिळ्यांना लटकायच्या. खाली खडूने गाडीचा नंबर लिहायची त्याची बायको. थंडी पडू लागली की यादी वाचायचीही तीच.

ज्या उन्हाळ्यात त्याने स्वतःच्या गाडीची झडप काढली, त्याच उन्हाळ्यात बायको वारली. पुढे गिऱ्हाइकं आपापली झडप मागायला आली. स्वतःच्या गाडीसाठी कोण येणार? शेवटच्या खिळ्याखाली नंबर नव्हता. दोन हिवाळे ती झडप तिथेच होती आणि दोन हिवाळे तो त्या गाडीतून हिंडला होता.

त्याने झडप उतरवली, पुसली, चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकली. ती हळूच उघडली. बाहेर काढल्यावर मिटली. नवं गॅस्केट कापून त्याने ती बसवली, आणि पातेलं राख लावून तीनदा घासलं.

गुरुवारी उजाडताना ताईच्या दारात गाडी वीस मिनिटं घुरघुरत उभी होती. काटा मधोमध आला होता. इतका वर आलेला काटा बघून मेस्त्रीला अस्वस्थ वाटत होतं.

"सांगितलं ना, येणार नाही," ताई खिडकीतून म्हणाली.

"नुसती बसून बघ. नाही जमलं तर उतर."

ती कुरकुरत आली, बसली, दार ओढलं. हवेच्या झरोक्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

"इतके दिवस कुठे होती ही?"

"भिंतीवर, दोन हिवाळे. मीच काढून ठेवली होती."

"वाट्टोळं तुझं. मी महिनाभर कुडकुडले." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आणि तू? मी यायच्या आधीपासून याच गाडीत फिरतोयस ना? तुला थंडी वाजली नाही?"

मेस्त्रीने आठवून पाहिलं. पुलावरची सकाळ, काचेवरचं दव, स्टिअरिंगवरचे हात. सगळं दिसत होतं.

"नाही," तो म्हणाला.

ताईने वरची शाल काढली, घडी केली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"चल आता. उशीर झाला की दाराजवळची गारठ्यातली खाट देतात."

त्याने गिअर टाकला.