वाघमाळची पाहुणी

सुरतेची माणसं डोंगरात जातात तेव्हा अर्धी सुरत बरोबर घेऊन जातात. ही निंदा नव्हे. ज्या शहरात रविवारी संध्याकाळी घरात चूल पेटवणं कमीपणाचं समजतात, त्या शहराला खाण्याचं प्रेम असणारच. म्हणून बस डांगच्या घाटाला लागते तेव्हा तिच्या पोटात थेपल्यांचे डबे असतात, शेवेच्या पिशव्या असतात, छुंद्याच्या बरण्या असतात. जिथे जिकडेतिकडे पाणी झिरपतं अशा गावाला जाताना पाण्याच्या बाटल्यांचे खोकेसुद्धा सुरतेहूनच घेतलेले असतात. आणि सगळ्यात मागच्या सीटवर, गॅसचा बाटला आणि पातेल्यांच्या मधोमध, स्वयंपाकाची बाई बसलेली असते.

सुरतेतल्या उधन्याहून सहली काढणाऱ्या कुंदनभाईच्या गाडीत ही बाई म्हणजे सुंदरा. ती मूळची पारोळ्याकडची. लग्न होऊन सुरतेत आली तेव्हा नवरा सुपडू लूमवर होता, अजूनही आहे. सुंदराने आधी लग्नाकार्यात पोळ्या लाटल्या, मग भाजीला हात घातला, आणि एकदा कुंदनभाईचा महाराज, म्हणजे आचारी, ऐन श्रावणात आजारी पडला म्हणून ती गाडीत चढली ती कायमचीच. "मासी, उंधियुं तो तमारा हाथनुंज," असं सोसायटीच्या बायका म्हणायच्या. खानदेशातल्या बाईला सुरती उंधियूबद्दल शाबासकी मिळणं ही काही साधी गोष्ट नाही, आणि सुंदराला ते चांगलं ठाऊक होतं.

गाडी बहुतेक वेळा वाघमाळला जायची. वाघमाळ म्हणजे डोंगराच्या कडेवरचं छोटंसं गाव. एक बाजार, चार-दोन हॉटेलं, आणि बाजाराच्या टोकाला दरी दिसते तो पॉइंट. बाजारातले दुकानदार सुरतेची बस दिसली की हसायचे आणि चिडायचेही. "आले बघा. खाणार त्यांचं, पिणार त्यांचं, कचरा तेवढा आमच्याकडे ठेवून जाणार," असं चहावाला तोंडावर म्हणायचा. खोटं नव्हतं ते. प्रवासी पॉइंटवर फोटो काढायचे, पोरं घोड्यावर बसायची, दुपारी सगळे जेवायला यायचे आणि संध्याकाळी गाडी उतरणीला लागायची. गावाशी गावातल्या माणसांसारखं बोलायची ती एकटी सुंदराच, कारण तिला चूल मांडायला जागा लागायची.

ती जागा म्हणजे सोमीचं अंगण. सोमी तिच्याच वयाची, डोंगरातली, नवरा गेलेली, मुलगा-सून आणि नातवंडांबरोबर राहणारी. पहिल्याच खेपेला सुंदरा पातेली घेऊन रस्त्यावर उभी होती, वारा गॅस पेटू देत नव्हता, तेव्हा सोमीने कुडाआडून हाक मारली होती, "इकडं ये बाई, इथं वारा नाही." तिची डांगी आणि हिची अहिराणी एकमेकींच्या शेजारणीच. गुजरातीत बोलताना दोघींची जीभ जरा आखडायची, पण एकमेकींशी बोलताना मोकळी व्हायची. सोमी पाणी भरून द्यायची, कांदे सोलायला बसायची. निघताना सुंदरा उरलेल्या पुऱ्या, भाजी, श्रीखंड एका डब्यात भरून तिच्या हातात द्यायची. सोमीची नातवंडं बसचा हॉर्न ऐकूनच नाचायला लागायची.

अशी सहा वर्षं गेली. एवढ्या वर्षांत सुंदराने सोमीच्या घरचा एक घासही खाल्ला नाही. त्यात गर्व नव्हता, धंद्याची रीत होती. प्रवासी जेवल्याशिवाय रसोईवालीने जेवायचं नाही, आणि जेवायचं तेही आपल्याच पातेल्यातलं. कुंदनभाईने पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "बाहेरचं खाऊन तुमचं पोट बिघडलं तर माझी गाडी उपाशी राहील." तेव्हापासून सोमीने काही पुढे केलं की सुंदरा म्हणायची, "पुढच्या खेपेला गं." ते इतकं सवयीचं झालं की म्हणताना तिचं तिलाही ऐकू यायचं नाही.

आणि पॉइंटही तिने पाहिला नव्हता. प्रवासी पॉइंटवर जायचे तेव्हा ती पुऱ्या तळत असायची.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. सोमीच्या घरी नव्या नागलीचं, म्हणजे नाचणीचं, जेवण होतं. तिच्या घरची रीत अशी, की नव्या दाण्याची पहिली भाकरी देवाला, दुसरी पाहुण्याला. सोमीने आदल्या खेपेलाच सांगून ठेवलं होतं, "त्या दिवशी तुझी गाडी इथंच असणार. पाहुणी तू. नाही म्हणायचं नाही." सुंदरानेही मान डोलावली होती.

त्या दिवशी गाडीत माणसं जास्त होती. त्यांना वाढता वाढता उन्हं कलली. सुंदरा हात पुसत कुडाच्या दारातून आत गेली तेव्हा सोमीचे भाऊबंद ओळीने बसले होते. पानांवर नागलीची भाकरी, उडदाचं वरण, मिरचीचा ठेचा. एक पान मोकळं ठेवलं होतं. सुंदरा आनंदली. एवढी माणसं जेवायला, आणि आपल्याकडे श्रीखंडाचं अर्धं पातेलं उरलेलं. असा योग कुठे येतो? तिने जाऊन पातेलं आणलं, पुऱ्यांची टोपली आणली, आणि पंगतीतून स्वतः वाढत सुटली. पोरांनी भाकऱ्या बाजूला सारल्या. मोठ्यांनीही सारल्या. कोणी म्हणालं, "सोमी, हे गोड आधी आणायचं नाही का?" सगळे हसले, सुंदराही हसली. तेवढ्यात कुंदनभाईचा हॉर्न वाजला. "पुढच्या खेपेला गं," म्हणून ती पळाली. मोकळं पान मोकळंच राहिलं.

परतताना घाटात ती मागच्या सीटवर खुशीत गुणगुणत होती. आज किती माणसांचं तोंड गोड झालं, असंच तिला वाटत होतं.

नाताळच्या सुट्टीत गाडी पुन्हा वाघमाळला गेली तर सोमीच्या अंगणाला काटेरी कुंपण. सुंदराने हाक मारली. सोमी बाहेर आली, कुंपणाच्या आतच थांबली.

"अंगणात शेळ्या बांधल्यात, बाई. जागा नाही."

"मी कोपऱ्यात मांडते की."

"नाही व्हायचं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर सुंदराने भांडून घेतलं असतं. अनोळखी माणसाला सांगावं तसं सोमीने सांगितलं आणि ती आत गेली. शेळ्या तर बाहेर चरत होत्या. सुंदराने त्या दिवशी बाजारामागे, गाड्या उभ्या करतात तिथे धुळीत चूल मांडली. भाजीत मीठ दोनदा पडलं. कुंदनभाई म्हणाला, "एवढं काय त्यात मासी, दुसरं अंगण शोधू. अंगणांना काय तोटा?" त्याचं खरंच होतं. अंगणांना तोटा नव्हताच.

घरी येऊन तिने सुपडूला सांगितलं. सुपडू सारा जन्म लूमच्या खडखडाटात काढलेला माणूस, एका वेळी एकच वाक्य बोलायचा. तो म्हणाला, "तिले कसाना तरी राग उना व्हई."

"पन मी तं देतच उनू ना," सुंदरा म्हणाली. "कव्हय रिकाम्या हातनी गयू नही."

तिला तेच कळत नव्हतं. दिवसचे दिवस ती मनाशी हिशेब मांडत राहिली, की आपण कुठे कमी पडलो. आपण कुठे जास्त झालो, हे तिच्या डोक्यात येईना.

ते आलं उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या रविवारी. त्या दिवशी तिला सुट्टी होती आणि कामरेजची नणंद कुसुम पोरांना घेऊन येणार होती. सुंदराने पहाटे उठून बाजारातून भरताची हिरवी वांगी आणली, गॅसवर खरपूस भाजली, बडग्याने ठेचली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या थापल्या. सुरतेला रोज सुरती खाऊ घालणाऱ्या बाईने वर्षातून एकदा आपल्या गावचं रांधलं होतं. कुसुम आली ती हातात दोन मोठे चौकोनी खोके घेऊन. "वहिनी, तू रोज दुसऱ्यांसाठी राबतेस, आज आराम कर. पिझ्झा आणलाय," असं ती म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली. पोरं खोक्यांवर तुटून पडली. सुंदराची मुलगी स्वप्नासुद्धा, कॉलेजात जाणारी घोडी, भाकरी सोडून तिकडे सरकली. "मम्मी, भरीत रात्रे खाईश हं," असं गुजरातीत वर सांगून.

सुंदरा परातीजवळ बसून राहिली. भाकऱ्यांवर झाकलेलं फडकं तिने उचललं, पुन्हा झाकलं. कुसुमचा राग येईना, कारण कुसुमने वाईट काही केलंच नव्हतं. आणि मग एकदम तिला सोमी दिसली. पंगतीच्या टोकाला, हातात भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी असलेली सोमी. त्या दिवशीही ती तशीच उभी होती. सुंदराची नजर तेव्हा तिच्यावरून गेली होती, पण ती तिला दिसली नव्हती.

"काय झालं वहिनी?" कुसुमने विचारलं.

"काही नाही. वांग्याचा धूर," सुंदरा म्हणाली आणि डोळे पुसले.

उत्तरायण झालं, आणि सुट्टीच्या दिवशी ती सकाळीच साडी बदलून तयार झाली. सुपडू रात्रपाळीहून येऊन चहा पीत बसला होता.

"कोठे जाई राहिनी?"

"वाघमाळले."

"गाडी तं नही शे आज."

"एसटीमा जासू."

निघताना तिने कपाटावरचा घारीच्या मिठाईचा खोका उचलला. सुरतेचं माणूस कुणाकडे जाणार आणि घारी नेणार नाही, असं होतं का? ती दारापर्यंत गेली, थांबली, परत आली आणि खोका होता तिथे ठेवून दिला. मग बिस्किटाचा पुडा घेतला. तोही ठेवला. हातांना काय करावं ते सुचेना, म्हणून तिने ते पदरात गुंडाळून घेतले.

"हातमा काहीच नही?" सुपडूने विचारलं.

"काहीच नही," ती म्हणाली आणि जिना उतरली.

एसटीत तिला खिडकी मिळाली. मागच्या सीटवरून इतकी वर्षं तिला घाट दिसला नव्हता, दिसली होती ती पातेली. आज साग दिसले, वळणं दिसली, आणि वाघमाळ जवळ येत चाललं. सोमीने कुंपणाआडूनच परत पाठवलं तर? तिला तो हक्क होता. मग रिकाम्या हातांनी आलो तसं रिकाम्या हातांनी परत जायचं, असं तिने ठरवलं.

सोमी अंगणात नागली पाखडत होती. कुंपण तसंच होतं. सुंदरा त्याच्याबाहेर उभी राहिली.

"आज गाडी नाही दिसली," सोमी सुपातून मान वर न करता म्हणाली.

"गाडी नाही आली. मीच आले."

"काय काम काढलं?"

"जेवायला आले," सुंदरा म्हणाली. "त्या दिवशीचं माझं जेवण राहिलंय."

सूप थांबलं. सोमीने तिच्या हातांकडे पाहिलं. एका हाताकडे, मग दुसऱ्या.

"डबा नाही आणला?"

"नाही."

सोमी उठली. काट्याची फांदी तिने पायाने बाजूला सारली आणि ती आत गेली. सुंदरा मागोमाग गेली. चूल पेटली, तवा चढला. सुंदराला बसवेना. ती पीठ मळायला सरकली तर सोमीने परात ओढून घेतली. ती फुंकणीला हात लावायला गेली तर सोमीने फुंकणी पलीकडे ठेवली.

"बस म्हटलं ना. पाहुणी आहेस."

पहिली भाकरी सोमीने चुलीशेजारी देवासाठी काढून ठेवली. दुसरी तव्यावरून थेट सुंदराच्या ताटात आली. फुगलेली, वाफेची, मधोमध ठेचा. सुंदराने घास मोडला आणि बोटं पोळली. तिला आठवेना, की कुणी दुसऱ्याने थापलेली गरम भाकरी आपल्या ताटात यापूर्वी कधी पडली होती. आई होती तेव्हा पडली असेल.

"त्या दिवशी मी चुकले, सोमी," ती म्हणाली. "तुझ्या ताटावर माझं ताट वाढलं."

सोमी भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "पोरांनी खाल्लं त्याचं काही नाही. पोरंच ती. इतकी वर्षं तुझं उरलेलं आम्ही आवडीनं खाल्लं गं. मला वाटायचं, एकदा माझं ताजं तू खावं."

सुंदराने ताट पुढे केलं आणि आणखी एक भाकरी मागितली. सोमीला तेवढं पुरे होतं. तिने दोन वाढल्या.

जेवण झाल्यावर गप्पांत निघालं, की सुंदराने पॉइंट पाहिलेलाच नाही. सोमी हसून हसून वाकली. "एवढी वर्षं येतेस आणि?" मग ती चपला घालून उभीच राहिली, "चल."

पॉइंटवर गर्दी होती. कठड्याशी सुरतेचंच एक कुटुंब फोटो काढत होतं, बाकावर शेवेची पिशवी उघडलेली. त्यातली एक बाई सुंदराकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "बेन, जरा फोटो पाडी आपशो? तमे अहींनाज छो ने?"

सुंदरा घुटमळली. सुरतेची म्हणावं तर आज ती सुरतेची बाई म्हणून आली नव्हती. इथली म्हणावं तर तो हक्क आपल्याला आहे की नाही, याची तिला खात्री नव्हती. तेवढ्यात सोमी तिच्या पुढे झाली. तिला गुजराती जेवढी येत होती तेवढी सगळी गोळा करून ती म्हणाली, "हुं अहींनी. आ मारी बेन छे. मारे घेर महेमान आवी छे."

सुंदराला मासी म्हणणारे पुष्कळ होते, रसोईवाली म्हणणारेही. चारचौघांत महेमान, पाहुणी, असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिने त्या कुटुंबाचा फोटो काढून दिला, थोडा वाकडाच आला. मग ती कठड्याशी जाऊन उभी राहिली. समोर दरी होती, खाली नदी असावी, लांब डोंगर असावेत. डोळ्यांतलं पाणी थांबेना, त्यामुळे तिला त्यातलं काहीच धड दिसलं नाही.

"दिसलं का?" सोमीने विचारलं.

"पुढच्या खेपेला गं," सुंदरा म्हणाली, आणि सोमीचा हात तिने घट्ट धरून ठेवला.