तपासणीच्या दिवशीची पांढरी साडी

आई अंथरुणाला खिळली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण एकच बोलून जायचा, "लेक हाय की घरात." जणू लेक म्हणजे भिंतीतला कोनाडा, त्यात काहीही आणून ठेवावं. मला तेव्हाही चीड यायची, आजही येते.

लेक घरात नव्हतीच. लेक रोज सकाळी बस पकडून औशाला शाळेत शिकवायला जायची. आईची डावी बाजू लुळी पडलेली. तिला धुणं, भरवणं, कूस बदलणं हे सगळं दिवसभर गल्लीतली एक मावशी करायची. मावशीचा पगार आणि आईची औषधं यांतच माझा निम्म्याहून जास्त पगार जायचा. मावशी सुटली तर माझी शाळा सुटणार होती, आणि शाळा सुटली तर चूल पेटणार नव्हती.

आमच्या नगरपालिकेत तेव्हा एक सोय निघाली होती. घरी सांभाळायला ठेवलेल्या बाईचा खर्च पालिकेनं किती उचलायचा आणि घरच्यांनी किती भरायचा, हे एक साहेब घरी येऊन, माणूस बघून ठरवायचे. मी अपंगत्वाचा दाखला दिला, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणला, चार वेळा रजा टाकून चकरा मारल्या. शेवटी तपासणीचा दिवस कळला.

आदल्या संध्याकाळी आईनं मला जवळ बोलावलं. तिची जीभ जड झाली होती, पण हुकूम स्पष्ट होता. "पावनं येनार आन् मी अशी वाकळंत पडून ऱ्हाऊ का? पांढरी साडी काढ."

विहारात वंदनेला जाताना नेसायची ती साडी. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात खुरपलं, पण घरी कोणी आलं की नीटनेटकं दिसायचं, हा तिचा हट्ट होता. आपल्याला घाण म्हणणारे लोक तिनं लहानपणी पाहिले होते. मग मी साडी काढली. सकाळी मावशीनं तिला न्हाऊ घातलं, केसांना तेल लावलं, खुर्चीत बसवलं आणि डावीकडं कलू नये म्हणून पदराआड उशी खोचली. डायपरचा पुडा मी खाटेखाली ढकलला. शौचाचं भांडं मोरीत लपवलं. उदबत्ती लावली. आम्ही आमच्या हातांनी आमचाच पुरावा पुसून टाकला.

साहेब आले, चहा घेतला, कागद काढला.

"आजी, सोताचं सोता करता का?"

"हाव," आई म्हणाली. "समदं करते. लेकीला कायबी तरास न्हाई."

परक्या माणसासमोर माझ्या आईला खोटं पाडायचं, ती अंथरुणातच करते म्हणून सांगायचं, तेही ती पांढऱ्या साडीत ताठ बसलेली असताना? उशी सरकली. आई कलली. मावशीनं मागून खांदा धरला. साहेबांची मान कागदात होती.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. 'अर्जदार स्वच्छ व सुस्थितीत आहे. घरी मुलगी आहे. मदतनिसाचा पूर्ण खर्च कुटुंबाने करावा.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच पालिकेत गेले. साहेब शांत होते. म्हणाले, "म्याडम, तुमच्या आईनंच सांगितलं की. मी काय मनानं लिहिलं का?"

"तुम्ही तिला उठून उभं राहायला का नाही सांगितलं?"

"फेरतपासणी लावतो," ते म्हणाले. "पन ह्या बारीला जसं हाय तसं दिसू द्या."

म्हणजे स्वच्छ ठेवलं तर मदत नाही. मदत पाहिजे असेल तर माणूस घाणीत दाखवा. हा नियम कुठल्या कागदावर लिहिलेला नव्हता, पण तोच खरा नियम होता. त्या माणसाचा मला राग आहे, आणि मी जे केलं त्याचा त्याहून जास्त आहे.

फेरतपासणीच्या सकाळी मावशी पाण्याची बादली घेऊन आली. मी तिला दारातच अडवलं. म्हटलं, "आज राहू दे. साहेब येऊन जाऊ देत." मावशी माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं बादली खाली ठेवली.

आईनं सगळं ऐकलं होतं. चांगल्या हातानं पदर ओढून तिनं तोंड झाकून घेतलं आणि भिंतीकडं मान वळवली. साडेअकरापर्यंत ती तशीच ओल्यात पडून होती. मीही तिथंच बसून होते.

साहेब आले ते उंबऱ्यातच थांबले. नाकाला रुमाल लावला. या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही. तिथंच उभ्या उभ्या लिहिलं, सही केली, आणि खर्चाचा मोठा वाटा पालिका उचलेल म्हणून सांगून गेले.

गाडीचा आवाज लांब गेल्यावर आईनं पदराआडूनच विचारलं, "झालं का मंजूर?"

"झालं."

मी बादली घ्यायला उठले. तिनं मान हलवली.

"तू नगं," ती म्हणाली. "मावशीला बोलीव."