उभ्यानं केलेले मांडे

पाय सरळ करून वर उचलायचा आणि तो तसाच ठेवून हवेत एक मांडा करायचा, ही वेणूअक्कांची व्यायामाची रीत. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरावा, तसे त्या रिकामे हात फिरवायच्या. मांडा मनातल्या चुलीवरच्या पालथ्या खापरावर पडला की पाय खाली. मी शिकवलेलं ‘एक ते दहा मोजा’ त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केलं. महिन्याभरात धुळ्यातल्या माझ्या देवपूरच्या गुडघेदुखीच्या वर्गातल्या सगळ्या बायका हवेत मांडे करू लागल्या आणि रस्त्यानं जाणारे पुरुष दारात थबकू लागले.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी नुकतीच फिजिओथेरपी शिकून आलेली. भिंतीवर गुडघ्याचा रंगीत तक्ता लावून झीज म्हणजे काय ते सांगायची. बायका तक्त्याकडे बघायच्या आणि ऐकायच्या मात्र अक्कांचं. कुणी ‘दुखतंय, म्हणून पडूनच असते’ म्हणालं, की त्या कडाडायच्या, “गुडघा काय जवाई शे का, बठाडीसन ठेवाले? त्याले कामले लाव!” माझं अर्ध्या तासाचं भाषण तेवढ्यात उरकायचं. राग यायचा मला, खोटं कशाला बोलू?

या अक्का एकदा माझ्यावरच रुसल्या. त्यांच्या नातीचं लग्न एरंडोलला ठरलं होतं. घरातल्या प्रत्येक लग्नात मांडे अक्कांच्याच हातचे, आणि हे लग्नही त्यांना सोडायचं नव्हतं. मी पुस्तकी शहाणपणानं सांगून टाकलं, “अक्का, चुलीपुढे तासन्‌तास बसायचं नाही. मांडे आता सुनांवर सोडा.” पुढचे दोन मंगळवार त्या वर्गाला आल्याच नाहीत.

शेवटी मी त्यांच्या घरी गेले. अंगणात अक्का उभ्या होत्या आणि समोर विटांवर कमरेइतकी उंच रचलेली चूल!

“तू बठू नको सांगी ना?” त्या म्हणाल्या. “मग मी उभी राहसू.”

मधूनमधून टेकायला एक उंच स्टूल ठेवा, एवढंच मी सुचवलं.

लग्नाला मलाही बोलावणं होतं. तिथंही तशीच उंच चूल रचलेली पाहून अक्कांच्या नणंदेनं नाक मुरडलंच. “उभ्यानं मांडा? आपलामा असं नही.”

“मांडा हातवर व्हस, पायवर नही,” अक्का म्हणाल्या आणि गोळा उचलला. चूल उंच, सवय नाही. पहिला मांडा फाटला. नणंद हसली. दुसरा मात्र अखंड खापरावर उतरला. मग शेवटच्या पंगतीपर्यंत अक्का थांबल्या नाहीत. स्टुलावर टेकल्या असतील दोन-चारदा.

सगळं आटोपल्यावर मी जवळ जाऊन विचारलं, “गुडघे दुखताहेत?”

“दुखतस ना. नही कसं सांगू?” त्या हसल्या. “पण पोरनी मना हातना मांडा खादा. बठ्ठं भेटनं, माय.”

सगळं मिळालं होतं त्यांना. त्यानंतर शेकडो गुडघे हाताखालून गेले. पण आवडीचं काम सोडा, असं सांगायला माझी जीभ पुन्हा कधी रेटली नाही.