पऱ्हाटीच्या फळ्या आणि अक्कांचं नाक

आमच्या शेतावर आयुष्यात एकदाच परदेशी पाहुणी आली, आणि त्याच दिवशी सकाळी माझ्या सासूबाईंनी माझं सगळं संशोधन वांग्यांखाली घालून पेटवून दिलं.

तेव्हाची मी कोण होते हे आधी सांगते, म्हणजे हसायला सोपं जाईल. नव्वदच्या दशकाची सुरुवात. जळगावच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, तीही सेकंड क्लासात. पण चालायची अशी, की मागून सत्काराची मिरवणूक येत असावी. सासर चोपड्याच्या बाजूला, घरात केळी आणि कपाशी. भाजीत मीठ जास्त झालं तरी मी ‘द्रावण संपृक्त झालंय’ म्हणायची. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणायचं, मीही म्हणायची. त्या मुकाट्यानं भाजीत पाणी घालायच्या.

धुळ्याच्या कॉलेजात रसायन शिकवणारे माझे मामा मला विज्ञानाची जुनी मासिकं पाठवायचे. त्यांतल्या एकात वाचलं, की युरोपातले लोक पेट्रोलपासून केलेल्या वस्तूंना कंटाळलेत. ते आता गव्हाच्या काडाच्या फळ्या करतात, जवसाच्या तेलाचे रंग करतात, झाडपाल्यातून डिंक काढतात. मी हे जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं.

“जवसना रंग?” आबा म्हणाले. आबा म्हणजे सासरे. “मंग चटनी कसानी करतस ते?”

माझं मात्र डोकंच फिरलं. आमच्याकडे कापूस वेचून झाला, की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून बांधावर रचतात आणि वर्षभर सरपण म्हणून जाळतात. युरोपवाले काडाच्या फळ्या करतात, तर मी पऱ्हाटीच्या करीन! डिंकही झाडाचाच. चिंचोके भाजून, सोलून, दळून त्यांची खळ शिजवायची. पऱ्हाटी कडबा कापायच्या यंत्रातून बारीक करायची, खळीत कालवायची, दोन पत्र्यांमध्ये घालायची आणि वर वजन ठेवायचं. वजनाला गव्हाची पोती. पोती कमी पडली, की वर मी स्वतः. पोत्यांवर मांडी घालून मासिक वाचत बसलेली सून बघायला शेजारच्या बायका मुद्दाम ताकाचं निमित्त काढून यायच्या.

हा सगळा उद्योग शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चाले, आणि त्या शेडवर आबांच्या नव्या ट्रॅक्टरचा डोळा होता. मामांचं पत्र आलं, की हॉलंडची एक बाई धुळ्याला आलीय, अशाच वनस्पतींच्या वस्तूंवर काम करते, तिला तुझ्याकडे पाठवतो. तेव्हा आबांनी ओट्यावर बसून निकाल दिला.

“ती बाई जाताना तुनी एक तरी फळी संगे लई गई, तं शेड तुनी. नही तं संक्रांत झाई का ट्रॅक्टर मझार, आनि तुनी खळ बाहेर.”

मी म्हटलं, “एक? ती दहा नेईल, आबा!”

आता खरं सांगते. माझ्या फळ्या पापडासारख्या वाकायच्या. वाकल्या नाहीत तर त्यांना टोके, म्हणजे धान्यातले किडे, लागायचे. चिंचोक्याची खळ किड्यांना आमच्यापेक्षा जास्त आवडायची. पाहुणी यायला आठ दिवस उरले तेव्हा माझा धीर सुटला. जळगावला गेले, सुतार वापरतात त्या, पेट्रोलपासूनच केलेल्या पांढऱ्या डिंकाचा डबा आणला, आणि त्यात दोन फळ्या केल्या. काय सुरेख झाल्या! कॅरम बोर्डासारख्या सपाट. मी मनाची समजूत घातली, की पऱ्हाटी तर खरी आहे, डिंकाचं कोण विचारतंय? ती बाई एवढ्या लांबून डिंकाचंच विचारायला येतेय, हे बी.एस्सी. झालेल्या डोक्यात शिरलं नाही.

पाहुणीला शेतात भरीत घालायचं ठरलं. आमच्याकडे भरताची वांगी पऱ्हाटीवरच भाजतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला खानदेशात कोणी भरीत म्हणत नाही. सकाळी मी अकरा खऱ्या आणि दोन खोट्या फळ्या उन्हात मांडल्या आणि साडी बदलायला घरी गेले. तेवढाच वेळ. परत आले तर जाळ चांगला पुरुषभर उंच, वांगी तडतडताहेत, आणि फळ्यांच्या जागी दोनच फळ्या.

“अक्का! माझ्या फळ्या?”

“कोनत्या फळ्या?”

“इथे होत्या! अकरा!”

“त्या पऱ्हाट्याच शेतस ना?” अक्का शांतपणे वांगं उलटत म्हणाल्या. “माले वाटनं, सूनबाईनी तोडी-मोडी सरपन तयार करी ठेवं. पहिल्यांदाच कामनं काही करं म्हनीसन खूश व्हयनू मी.”

माझे यजमान बांधावर बसून कांद्याची पात निवडत होते. त्यांचे खांदे हलायला लागले.

“मग या दोन का ठेवल्या?”

“त्या खोट्या शेतस,” अक्का म्हणाल्या. “एकना कोपरा लाई पाह्या. प्लास्टिकना वास. बठ्ठ्या वांगास्ले लागी जाता. बाकीन्या झकास, भाजेल चिंचोकाना वास येस.”

चाळीस वर्षं पऱ्हाटीचा जाळ हुंगलेलं नाक ते. तेवढ्यात बांधाशी अॅम्बॅसॅडर थांबली.

मामांना परीक्षेची ड्युटी लागली होती, म्हणून बाई ड्रायव्हरबरोबर एकटीच आली. उंच, खांद्याला कापडी पिशवी, आणि आल्या आल्या जमिनीवर मांडी घालून बसली. तिला मराठी येत नव्हतं, घरच्यांना इंग्रजी येत नव्हतं. मधे फक्त मी. असली संधी सैतानालाही देऊ नये.

मी त्या दोन फळ्या पुढे केल्या. बाईनं बोटानं वाजवल्या, डोळ्यांजवळ नेल्या, खूश झाली.

“डिंक कशाचा?” तिनं विचारलं.

“चिंचोक्याचा,” मी म्हणाले. पापणीही हलली नाही माझी.

बाई वहीत लिहायला लागली. अक्कांनी मान उंच केली. “काय इचारी राह्यनी ती?”

“डिंक कशाचा म्हणते.”

“मंग सांग ना तिले, त्या खोट्या शेतस, खऱ्या जाळी टाक्यात.”

मी बाईकडे वळले. “सासूबाई म्हणतात, तुमचं स्वागत असो.”

बाईनं अक्कांना हात जोडले. अक्कांनीही जोडले, पण नजर माझ्यावर.

“इतलं सांगं, तं ती हात काब्रं जोडस? आखो सांग. म्हनाव, जाळी पाह्य.”

“सासूबाई म्हणतात, वांगी भाजून झाली.”

बाईनं वांग्यांकडे पाहून टाळ्या वाजवल्या. यजमान पात तोंडावर धरून हसत होते. आबा माझ्याकडे पाहत होते, आणि मला एवढंच दिसत होतं, की अजून थोडा वेळ निभावलं तर शेड माझी.

अक्का उठल्या. माझ्यासारख्या दुभाष्याच्या नादी न लागता त्यांनी खोट्या फळीचा कोपरा मोडला, निखाऱ्यावर धरला आणि बाईच्या नाकाखाली नेला. बाई शिंकली. मग अक्कांनी चिमट्यानं जाळातून एक खरी फळी ओढली, निम्मी जळालेली, वाकडी, कडेला टोक्यांची भोकं. फुंकर मारली आणि तीही पुढे केली. बाईनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग वहीत लिहिलेली ओळ खोडली आणि माझ्याकडे पाहिलं.

तीन वर्षं जमवलेलं माझं सगळं इंग्रजी त्या क्षणी एका ‘सॉरी’त संपलं. मग हळूहळू सगळंच सांगितलं: वाकलेल्या फळ्या, टोके, पांढरा डबा, आणि अकरा फळ्यांवर भाजलेली वांगी. आबांना कळू नये म्हणून खालच्या आवाजात. जणू त्यांना इंग्रजी ऐकू आलं असतं तर समजलंच असतं!

बाई हसता हसता आडवी व्हायची बाकी राहिली. म्हणाली, “आमच्याकडेही वाकतात. आम्ही सरळ बाजूनं फोटो काढतो.”

मी हे घरच्यांना सांगितलं. पहिलं खरं भाषांतर.

मग भरीत झालं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर बाईनं दोनदा घेतलं, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना तिसऱ्यांदा मागितलं. निघताना तिनं निम्मी जळालेली फळी उचलली आणि विचारलं, “ही नेऊ?”

मी आबांकडे पाहिलं. आबांनी फळीकडे पाहिलं.

“फळी शे का ती? कोळसा शे तो.”

“थांबा,” अक्का म्हणाल्या. बाईच्या हातातल्या तुकड्यावर त्यांनी वीत टाकली, पुढे बोटं मोजली. बाईला वाटलं निरोपाचा काही विधी असावा. ती मान झुकवून उभी राहिली. “एक वीत आनि च्यार बोटं. तुम्ही आंघोळले बसतस तो पाट इतलाच शे. तो बी कोळसाच का मंग?”

आबांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. “निम्मी फळी गई. निम्मी शेड तुनी.”

संक्रांतीनंतर शेडच्या मधोमध चुन्याची रेघ पडली. एका बाजूला ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूला माझी खळ.

उन्हाळ्यात मामांमार्फत बाईचं पत्र आलं. तुकडा पाण्यात फुगतो, असं तिनं लिहिलं होतं; पण खाली एक ओळ होती, की टोक्यांनी सगळं पोखरलं, फक्त जळालेली बाजू सोडली. मी ती ओळ अक्कांना वाचून दाखवली, एक शब्दही न बदलता. अक्कांनी पत्र हातात घेतलं, उलटं धरून पाहिलं आणि म्हणाल्या, “चाल मंग. जाळ करू.”

तेव्हापासून माझी प्रत्येक फळी वाळली, की अक्का चिमटा घेऊन रेघेच्या माझ्या बाजूला यायच्या. वरची बाजू बेतानं शेकायच्या, हुंगायच्या, आणि पसंत पडली तरच भिंतीला लावून ठेवायच्या. ज्या वाकायच्या, त्या भरताला जायच्या. आबा कुरकुरायचे, कारण ट्रॅक्टर केळीत घेऊन गेले, की मजूर विचारायचे, आबा, आज ट्रॅक्टरला चिंचोक्याचा वास कसा?